कॅमेलिया, काळी माती आणि डबल तगर

कॅमेलियाला वास नसतो. (थोड्या जातींना मंद वास असतो, पण बाजारात जे देखणं फूल दिसतं त्याला बहुधा नसतोच.) म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने हे फूल पहिल्याच फेरीत बाद! गजऱ्यात माळता येत नाही, अत्तर निघत नाही. तरीही युरोपातली माणसं गेली पावणेतीनशे वर्षं या झुडपापायी वेडी झाली आहेत. त्यांनी जहाजांतून रोपं आणली, काचेची घरं बांधली, कादंबऱ्या लिहिल्या.

हे सगळं वाचायचं निमित्त म्हणजे माझी ताई. ती दोन वर्षं जपानमध्ये ऑनसाइट होती. तिथे थंडीत, बाकी सगळी झाडं झोपलेली असताना फुललेली कॅमेलिया तिने पाहिली आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा, धाराशिवच्या नव्या घरापुढे कॅमेलिया लावायची. (धाराशिव म्हणजे जुनं उस्मानाबाद. आम्ही घरात आधीपासून धाराशिवच म्हणायचो, २०२३ पासून सरकारी कागदांवरही तेच नाव आहे.) रोप ऑनलाइन मिळतं, तो प्रश्न नाही. प्रश्न पुढचा आहे. घरी आईबाबा दोघंच असतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि झाडाला जाणारी प्रत्येक बादली बाबांच्या हाताने जाते. त्यामुळे 'आवडलं, लावून टाकू' इतकं हे सोपं नाही. म्हटलं, आधी या बाईंचा पूर्वेतिहास तरी बघू!

नावापासून सुरुवात करू. लिनियसने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात या वनस्पतीला कॅमेलिया म्हटलं, ते गेओर्ग योसेफ कामेल या जेझुइट पाद्र्याच्या स्मरणार्थ. कामेल १६६१ साली ब्रनोला (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मला आणि १७०६ साली मनिलाला वारला. फिलिपिन्समध्ये औषधं करता करता त्याने तिथल्या वनस्पतींची टिपणं आणि चित्रं काढली. गंमत पुढे आहे. त्याच ग्रंथात लिनियसने चहाच्या झाडाला 'थिया' असं वेगळं नाव दिलं होतं. नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना कळलं की ही दोन्ही एकाच घराण्यातली. आज चहाचं शास्त्रीय नाव 'कॅमेलिया सायनेन्सिस' आहे. म्हणजे बाबा सकाळी बशीत ओतून जे पितात, तो कॅमेलियाच्याच पानांचा काढा! कॅमेलिया धाराशिवात रोज येते, फक्त वाळून आणि पुड्यात बांधून.

युरोपात ती जिवंत पोचली १७३९ च्या सुमारास, एसेक्समधल्या लॉर्ड पीटर यांच्या बागेत. असं सांगतात, की पूर्वेकडचं झाड म्हणजे उष्ण देशातलंच असणार, अशा समजुतीने त्यांच्या माळ्याने तिला तापवलेल्या काचघरात ठेवलं आणि ती उष्णतेने मेली. पूर्वेकडचं म्हणजे उष्ण, हे समीकरण चुकीचं होतं. चीन-जपानच्या डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत, गारव्यात आणि ओलाव्यात वाढणारं हे झुडूप आहे.

मग १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या 'कर्नाटिक' नावाच्या जहाजातून 'अल्बा प्लेना' ही जात इंग्लंडात आली. शुभ्र पांढरी, पाकळ्या कंपासने आखल्यासारख्या एकावर एक. १८०४ मध्ये मिडलमिस्ट नावाच्या नर्सरीवाल्याने चीनहून एक वेगळीच जात नेली. 'मिडलमिस्ट्स रेड' म्हणून ती प्रसिद्ध आहे (नाव रेड, रंग गडद गुलाबी). जगात तिची दोनच झाडं माहीत आहेत. एक लंडनच्या चिझिक हाउसच्या काचघरात, दुसरं न्यूझीलंडमधल्या वाइटांगीला. १८४८ साली धाकट्या अलेक्झांडर द्यूमाची कॅमेलियावाल्या नायिकेची कादंबरी आली, आणि तिच्यावरून १८५३ मध्ये व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा. थोडक्यात, हे श्रीमंतांचं फूल झालं.

सगळ्यात कडी केली आहे जर्मनीत. ड्रेस्डेनजवळ पिलनित्झच्या राजवाड्यात १८०१ साली लावलेलं कॅमेलियाचं झाड आजही फुलतं. थंडीत त्याला पांघरूण म्हणून १९९२ मध्ये एक काचघर बांधलं. तेरा मीटर उंच, ५४ टन वजनाचं, आणि रुळांवर चालणारं! हिवाळा आला की अख्खं घर सरकत झाडावर येतं, उन्हाळ्यात बाजूला होतं. एका डिपेंडन्सीसाठी अख्खं इन्फ्रास्ट्रक्चर उभं करणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर पिलनित्झला जावं.

आता आपल्याकडे या. आसामात सिंगफो लोक वापरत असलेल्या चहाच्या झाडांची माहिती रॉबर्ट ब्रूसला १८२३ मध्ये मिळाली. पुढे आसाम, दार्जिलिंग, निलगिरी इथे चहाचे मळे उभे राहिले. फुलांची कॅमेलियाही याच डोंगराळ पट्ट्यांत बरी येते. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. भरपूर पाऊस जमिनीतला चुना धुऊन नेतो आणि माती आम्लधर्मी होते. कॅमेलियाला मातीचा सामू साधारण ५.५ ते ६.५ लागतो.

आणि धाराशिव? आपली जमीन म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची, बेसॉल्टची माती. बेसॉल्टमध्ये मुळातच कॅल्शियम भरपूर. पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेवढ्याने चुना धुऊन जात नाही, तो खाली चुनखडीचे खडे होऊन बसतो. त्यामुळे काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५. अशा मातीत लोह असतं, पण अशा रूपात अडकलेलं की कॅमेलियासारख्या झाडांच्या मुळांना ते उचलता येत नाही. डेटा सर्व्हरवर आहे, पण परमिशन नाही! मग पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. शिवाय काळी माती पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कॅमेलियाची मुळं वरच्या थरात पसरणारी, नाजूक. एकदा गुदमरायचं आणि एकदा तुटायचं, हे तिला झेपत नाही. वर एप्रिल-मेचं चाळिशीपारचं ऊन.

'मग कुंडीत लाव ना,' असं ताई म्हणालीच. कुंडीत कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत घालता येईल, वर शेडनेट बांधता येईल. पण पाणी कुठलं घालणार? बोअरचं पाणी जड, क्षारांचं. ते घालत राहिलं की कुंडीतली आम्लधर्मी माती हळूहळू पुन्हा तिथेच येते. उपाय एकच, पावसाचं पाणी साठवून ते उन्हाळाभर कॅमेलियाला पुरवायचं. ज्या भागात २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे टाकीतलं पावसाचं पाणी एका बिनवासाच्या फुलाला आणि माणसांना टँकर, हा हिशेब मला काही जमेना. हे आपलं पिलनित्झच झालं, फक्त रूळ नाहीत.

(तुमचं घर कुन्नूर, शिलाँग किंवा कालिम्पाँगला असेल तर खुशाल लावा. सकाळचं ऊन येत असेल तर 'सासान्क्वा' गटातली निवडा, ती ऊन जास्त सोसते आणि आधी फुलते. सावलीची जागा असेल तर 'जापोनिका', तिची फुलं मोठी.)

मग आमच्या अंगणात काय? पांढरं, चकचकीत हिरव्या पानांचं, बारमाही हिरवं झुडूप हवं, ही ताईची मूळ अपेक्षा. तशी पहिली आठवतो तो अनंत. दिसायला कॅमेलियाच्या जवळचा, आणि वास तर काय वर्णावा! पण अनंतही मूळचा चीनकडचा आणि आम्लधर्मी मातीचाच चाहता. आपल्याकडे त्याची पानं पिवळी पडतात आणि मग लोक बुडाशी हिराकस घालत बसतात. एखादा कुंडीत सांभाळता येतो, कुंपणभर नाही.

उरते आपली तगर. धाराशिव जिल्ह्यात हे नाव घेतलं की तेर आठवणारच. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जायचं. शिलाहार राजे पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही स्वतःला अभिमानाने 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. नाव जुळतं म्हणून फुलाचं आणि गावाचं नातं जोडायचा मोह होतो, पण जरा थांबा. संस्कृत ग्रंथांतलं सुगंधी 'तगर' म्हणजे हिमालयातल्या एका वनस्पतीची मुळं, ते झाड वेगळं. आपल्या दारातल्या तगरीचं शास्त्रीय नाव तर सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याच्या नावावरून आलेलं आहे. कॅमेलियासारखंच, नाव परक्याचं!

झाड मात्र इथलं. काळी माती, जड पाणी, मे महिन्याचं ऊन, सगळं चालवून घेतं. पाच पाकळ्यांची, चक्रीसारखी एकेरी तगर पूजेला भरपूर फुलं देते. डबल तगर पाकळ्यांवर पाकळ्यांची, कॅमेलियाची धाकटी बहीण वाटावी अशी, आणि रात्री तिला मंद वासही येतो. ठेंगणी तगर कुंपणाला बरी. पावसाळ्यात फांदी लावली तरी जगते. पहिलं वर्ष पाण्याकडे लक्ष द्यायचं, पुढे ती फार मागत नाही. चीक असतो, एवढं छाटताना सांभाळायचं.

वाचताना एक गोष्ट पटली. आपण जात निवडतो फोटो बघून, आणि झाड जगतं मातीवर. लॉर्ड पीटरचा काचघरातला घोटाळा असो नाहीतर आपल्या ऑनलाइन ऑर्डरी, क्रम तोच उलटा. आधी माती, मग पाणी, मग ते पाणी घालणारा माणूस, आणि शेवटी फूल, असा क्रम लावला की यादी आपोआप छोटी होते.

असो. ताईला हे सगळं मेल केलं. तिचं उत्तर आलं, 'ठीक आहे, पण डबलच लाव.' तेव्हा या जूनमध्ये फाटकाशी दोन डबल तगरी आणि आईसाठी एक हजारी मोगरा. मोगऱ्याचा मान आईचा, त्यावर चर्चा नाही.