चाप पुढे की मागे? : छर्ऱ्याच्या बंदुकीच्या दोन घडणींचा इतिहास

#थ्रेड

१/ फणसवाडीतून निघून रेल्वेरूळ ओलांडले की गिरगावची चौपाटी लागते. मुंबईतील कित्येक मुलांनी पहिली बंदूक हाती धरली ती अशा चौपाटीवरच्या वा जत्रेतल्या, फुगे टांगलेल्या फळीसमोर. उत्तरेला वरळीत महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तेथील रायफल आणि फुगेवाल्याची बंदूक यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. घडण मात्र एकच.

२/ ती घडण अशी : पुढे नळी, मधे यंत्रणा, तिच्याखाली चाप आणि मागे खांद्याला टेकणारा दस्ता. ही पारंपरिक रायफल. आज दुकानांत दुसरीही घडण दिसते. तिच्यात चाप पुढे सरकतो आणि यंत्रणा मागे, थेट दस्त्यात जाते. हिला ‘बुलपप’ म्हणतात. नळी तेवढीच राहते, पण बंदूक बरीच आखूड होते.

३/ नेमबाजी शिकू पाहणाऱ्या मुलाच्या घरी हा प्रश्न साधा नसतो. स्पर्धेच्या आयात रायफलीची किंमत लाखांत जाते. मध्यमवर्गीय कुटुंबाला चुकीची निवड परवडत नाही. या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट सापडते.

४/ दस्त्याच्या रिकाम्या जागेचा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्दोनी या कारागिराची हवेची रायफल दाखल झाली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती. धूर नाही, ठिणगी नाही आणि एकामागून एक सुमारे वीस गोळ्या! चाप मात्र जुन्याच जागी होता.

५/ या शस्त्राला मोठी निगा लागे. टाकी भरण्यासाठी पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. शिवाय चामड्याच्या चकत्यांतून हवा गळे. १८१५च्या सुमारास सैन्याने ही रायफल बाजूला ठेवली. तत्पूर्वी, १८०४ ते १८०६ या काळात अमेरिका ओलांडणाऱ्या लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेनेही हवेची बंदूक सोबत नेली होती.

६/ खरी बुलपप घडण आली ती दारूच्या बंदुकीत. १९०१ साली ब्रिटनमध्ये थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइनची चाचणी झाली. प्रचलित ली-एनफील्डपेक्षा ती सुमारे साडेसात इंचांनी आखूड आणि वजनाने हलकी होती. तरीही ती नाकारली गेली : धक्का जास्त, हाताळणी अवघड.

७/ पन्नास वर्षांनी तेच नाट्य पुन्हा घडले. १९५१ साली ब्रिटनने ‘ईएम-२’ ही बुलपप रायफल स्वीकारली, पण सरकार बदलताच निर्णय फिरला आणि सैन्याच्या हाती पारंपरिक घडणीची रायफल आली. या घडणीला स्थैर्य मिळाले ते १९७०च्या दशकात : ऑस्ट्रियाची ‘स्टायर ऑग’ आणि फ्रान्सची ‘फामास’.

८/ कारण उघड होते. चिलखती गाडीतून उतरणाऱ्या किंवा अरुंद जिन्यावरून चढणाऱ्या सैनिकाला आखूड शस्त्र सोयीचे. भारताच्या विशेष दलांनी इस्रायली ‘टॅव्हॉर’ घेतली तीही बुलपपच. सर्वसाधारण पायदळाची ‘इन्सास’ मात्र पारंपरिक. पुढे फ्रान्सने २०१६ साली ‘फामास’च्या जागी पुन्हा पारंपरिक रायफल निवडली.

९/ हवेच्या बंदुकीत बुलपप उशिरा का आली? जुन्या छर्ऱ्याच्या बंदुकीत नळी मोडून स्प्रिंग ताणतात. स्प्रिंग सुटली की दट्ट्या हवा ढकलतो. ही लांबलचक, हिसका देणारी यंत्रणा गालाखाली ठेवणे गैरसोयीचे. पीसीपी प्रकार रूढ झाल्यावर वाट मोकळी झाली. त्यात सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा आधीच भरलेली असते, हिसका नाममात्र.

१०/ शिवाय दारूच्या बुलपपचे दोन मोठे दोष येथे नाहीत. गालाजवळ स्फोट होत नाही आणि डावखुऱ्याच्या तोंडावर तापलेले काडतूस उडत नाही. म्हणजे सैन्याने दिलेला नकार जसाच्या तसा हवेच्या बंदुकीला लावता येत नाही.

११/ मग उरते काय? पहिला प्रश्न चापाचा. चाप पुढे आणि यंत्रणा मागे असल्याने दोहोंना जोडणारी लांब दांडी लागते. तिच्यातील किंचित लवचीकताही बोटाला जाणवते. उत्तम कारागिरीने हा दोष पुष्कळ कमी होतो. पण पारंपरिक घडणीत तो मुळातच उद्भवत नाही.

१२/ दुसरा प्रश्न तोलाचा. १० मीटरच्या स्पर्धेत नेमबाज उभा राहतो, डावे कोपर कमरेच्या हाडाजवळ टेकवतो आणि रायफलीचा भार त्या हातावर घेतो. पुढे झुकलेला भार नळी स्थिर ठेवतो. बुलपपचा भार खांद्याकडे सरकतो. चालताना ते सुख, उभ्याने नेम धरताना तीच अडचण.

१३/ या खेळात लक्ष्याच्या मध्यबिंदूचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. रायफल ५.५ किलोपर्यंत चालते. म्हणजे हलकेपणाला येथे बक्षीस नाही. १९८४ साली हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आला, आणि तेव्हापासून अव्वल नेमबाजांच्या हाती पारंपरिक घडणच दिसते.

१४/ महाराष्ट्राचा इतिहासही तेच सांगतो. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीत अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर यांनी २००४च्या आशियाई स्पर्धेत क्वालालंपूरला ४००पैकी ४०० गुण मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेता झाला. या तिघांचा खेळ १० मीटर एअर रायफल हाच.

१५/ कायदा मात्र आकार पाहत नाही, शक्ती पाहतो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणे ठरत नाही. चाळीच्या गॅलरीतून सुटलेला छर्रा समोरच्या बिऱ्हाडातील माणसाचा डोळा घालवू शकतो, मग बंदूक आखूड असो वा लांब.

१६/ तात्पर्य, बुलपप ही ‘पुढची पायरी’ नव्हे आणि फसवणूकही नव्हे. जागेच्या अडचणीवर शोधलेला तो उपाय आहे. जिथे बंदूक घेऊन फिरायचे, अडचणीच्या जागेतून नेम धरायचा, तिथे तिची किंमत वसूल होते. जिथे एका जागी उभे राहून कागदावरचा ठिपका भेदायचा, तिथे तिने सोडवलेली अडचणच नसते. रेंजवर जाऊ पाहणाऱ्या मुलासाठी पारंपरिक रायफल हीच निवड योग्य, आणि तीही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही खांद्याला लावून पाहिल्यावरच.