न टोचणारी सुई

माझी भाचेसून ओसाकाला असते. तिचं बाळ रात्र रात्र रडायचं. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, त्याला ॲक्युपंक्चरला नेतेय." ऐकून आमचे हे दचकलेच. एवढ्याशा जिवाला सुया? मग तिनं सांगितलं की टोचत नाहीतच, धातूच्या बोथट साधनानं पाठ-पोट हलकेच घासतात. शोनिशिन म्हणतात त्याला, आणि प्रकार मूळचा ओसाकाकडचाच. बाळ पुढे झोपायला लागलं ते त्यानं की वय वाढल्यानं, देव जाणे!

पण मास्तरकी हाडात मुरलेली. वाचायला बसले आणि सुगियामा वाइची भेटला.

जन्म १६१०चा. लहानपणीच दृष्टी गेली. एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, तो सुया टोचायची विद्या शिकायला गेला. पाठांतर कच्चं, हात मंद. गुरूनं परत पाठवलं. पुढची दंतकथा अशी: एनोशिमा बेटावर बेंटेन देवीच्या गुहेत त्यानं उपास केले. (बेंटेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेली.) परतताना दगडाला अडखळून पडला, काहीतरी टोचलं. चाचपलं तर गुंडाळलेल्या पानात पाइनची अणकुचीदार पाती!

दंतकथा राहू द्या, तिच्यातली नळी खरी आहे. सुईपेक्षा किंचित आखूड नळी त्वचेवर टेकवायची, आत सुई सोडायची, वर उरलेल्या टोकाला बोटानं टिचकी मारायची. न दिसणाऱ्यालाही नेमकी जागा साधते, सुई केसासारखी बारीक चालते आणि दुखत जवळजवळ नाही. शोगुन त्सुनायोशीनं "काय हवं?" विचारल्यावर वाइची म्हणाला, "एक डोळा." १६९३मध्ये त्याला 'एक डोळा' याच नावाच्या वस्तीत जमीन मिळाली, असं सांगतात. अंधांना ही विद्या शिकवायच्या शाळाही त्यानं काढल्या. पॅरिसची अंधशाळा त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी निघाली, बरं का!

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अधिकारी हे सारं बंद करायला निघाले होते. अंध उपचारक पोटासाठी झगडले आणि १९४७च्या कायद्यानं विद्या टिकली. १९५९मध्ये फुकुशिमा कोदो या अंध उपचारकानं तोयोहारी संघटना काढली. त्यांच्या पद्धतीत मनगटाची नाडी बोटांनी वाचतात आणि सुई बहुधा त्वचेला नुसती टेकवतात.

गुण येतो का? अंग सैल पडतं, दुखणं हलकं होतं, असं घेणारे सांगतात. त्वचा फुटत नाही, म्हणून जंतूंची भीतीही कमी. पण चाचण्यांत तुलनेसाठी वापरतात ती 'खोटी' सुईसुद्धा त्वचेला नुसती टेकतेच, आणि तिनंही पुष्कळांना बरं वाटतं! मग खरं-खोटं निवडायचं कसं? माझ्या मते हा उपचार सोबतीला घ्यावा, डॉक्टरांचं औषध सोडू नये.

असो. मला वाचवेना ते त्या गुरूपाशी. माझ्या वर्गात एक मुलगा होता, फळ्यावरचं त्याला दिसत नसे. वडील विचारायला आले तेव्हा मी म्हटलं, "इथं त्याचा वेळ जातोय. खुर्च्या विणायला शिकवा." नववीनंतर तो दिसला नाही. त्याची बोटं कशी होती, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

शाळेच्या जुन्या रजिस्टरात पत्ता असेल. सोमवारी शाळेत फोन करते.