न सांगितलेल्या दुखण्याचा इतिहास



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढेच मला ठाऊक. पण जे दुखणे मी सहा वर्षे अंगावर काढले त्यालाही इतिहास आहे, हे नर्स असलेल्या माझ्या भाचीने सांगितले. तोच लिहिते.

ओटीपोटात कळ येई. लघवी साठू लागली की ती वाढे, होऊन आले की घटकाभर बरे वाटे. रात्रीतून पाचसहा वेळा उठणे होई. तपासणीत जंतू सापडत नसत. "काही झालेले नाही, मन रमवा," असे एका डॉक्टरांनी सांगितले आणि सासूबाईंना तेच पटले. लग्नकार्ये, एस.टी.चा प्रवास, मंडळाची सहल, सारे सुटले. खरे कारण सांगायची लाज वाटे; मी आपली "घरी काम आहे" म्हणत असे.

१८३६ साली अमेरिकेतील जोसेफ पॅरिश या डॉक्टरांनी, मूतखडा नसतानाही मूत्राशयात तीव्र कळा येणारे रोगी पाहून त्यांच्याविषयी लिहिले. १८८७ मध्ये अलेक्झांडर स्कीन यांनी 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' हे नाव वापरले. १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी अशा स्त्रियांच्या मूत्राशयातील व्रणांचे वर्णन केले. परंतु पुष्कळ रोग्यांना व्रण नसतातच. मग आत काही दिसले नाही, की दोष बाईच्या मनाला! असे कित्येक वर्षे चालले.

व्हिकी रॅटनर या वैद्यकाच्या विद्यार्थिनीला हेच दुखणे जडले. तिने खटपट करून १९८४ मध्ये अशा रोग्यांची संघटना काढली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने संशोधनासाठी या रोगाच्या कसोट्या ठरवल्या. एका बाईने तोंड उघडले, त्याचा लाभ पुष्कळजणींना झाला.

हे ऐकून मला रडू आले. मग भाचीबरोबर तज्ज्ञांकडे गेले. जंतू, खडा, दुसरा रोग नाही याची त्यांनी खात्री केली. हमखास उतारा नाही, पण ताबा ठेवता येतो, असे ते म्हणाले. मी वहीत खाणे, लघवीची वेळ आणि कळ लिहू लागले. मला चहा आणि टोमॅटो बाधतात; दुसरीला दुसरे काही बाधेल. पाणी मात्र तोडू नये. लघवीच्या वेळांतील अंतर हळूहळू वाढवले, ओटीपोटाचे स्नायू सैल सोडायला शिकले, शेकही घेते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेते. लघवीत रक्त दिसले किंवा ताप आला, तर घरी बसू नये.

दुखणे पुरते गेलेले नाही. पण यंदा मी सहलीला आले होते! आपल्यापैकी कोणी "घरी काम आहे" म्हणून मागे राहत असेल, तर हळदीकुंकवाच्या दिवशी मला बाजूला बोलवावे. मी कोणाला सांगणार नाही. दवाखान्यात मात्र बरोबर येईन.