स्यूडोमोनास संसर्गावरील प्रतिजैविके

स्यूडोमोनास संसर्गावरील प्रतिजैविके म्हणजे प्रामुख्याने स्यूडोमोनास एरुजिनोसा या दंडाकार, ग्रॅम-ऋण जिवाणूमुळे होणाऱ्या आजारांवर दिली जाणारी औषधे होत. नेहमीच्या वापरातील अनेक प्रतिजैविके या जिवाणूपुढे निष्प्रभ ठरतात आणि उपयोगी पडणाऱ्या मोजक्या औषधांपैकी बहुतेक शिरेवाटेच द्यावी लागतात. त्यांपैकी कोणतेही एक औषध सर्व रुग्णांसाठी सर्वोत्तम नसते. संसर्गाचे स्थान, जिवाणूची संवेदनशीलता आणि औषधाचे दुष्परिणाम यांचा एकत्रित विचार करून निवड केली जाते.

जिवाणू व आजार

हा जिवाणू माती, पाणी आणि ओलसर पृष्ठभागांवर आढळतो. फ्रेंच औषधनिर्माणतज्ज्ञ कार्ल जेसार यांनी १८८२ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवर उमटणाऱ्या निळ्या-हिरव्या रंगाचा अभ्यास करताना तो वेगळा केला. तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाच्या लॅटिन नावावरून त्याला ‘एरुजिनोसा’ हे नाव मिळाले. निरोगी व्यक्तीला त्याचा उपद्रव क्वचितच होतो. मात्र भाजलेले रुग्ण, व्हेंटिलेटर किंवा कॅथेटर लावलेले रुग्ण, कर्करोगाच्या उपचारांमुळे पांढऱ्या पेशी घटलेले रुग्ण आणि सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण यांच्यासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्सची स्वच्छता न राखल्यास तो डोळ्याच्या पारपटलास गंभीर इजा करतो.

नैसर्गिक प्रतिरोध

या जिवाणूचे बाह्य आवरण औषधांना सहजासहजी आत शिरू देत नाही. आत शिरलेले औषध बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप त्याच्यापाशी असतात. शिवाय पेनिसिलिन व सेफालोस्पोरिन यांचे विघटन करणारे विकरही तो तयार करतो. त्यामुळे अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिअॅक्सोन, डॉक्सिसायक्लिन आणि कार्बापेनेम गटातील एर्टापेनेम यांचा त्याच्यावर उपयोग होत नाही. कॅथेटर किंवा फुप्फुसात चिकट थर तयार करून राहणारे जिवाणू औषधांना आणखी कमी दाद देतात.

औषधगटांची तुलना

पेनिसिलिन गट: पिपरासिलिन व टॅझोबॅक्टम यांचे मिश्रण रुग्णालयांत सर्रास वापरले जाते. ते इतर अनेक जिवाणूंवरही चालत असल्याने पोटातील मिश्र संसर्गात उपयुक्त असते. पेनिसिलिनची अॅलर्जी असल्यास ते देता येत नाही.

सेफालोस्पोरिन गट: सेफ्टाझिडिम व सेफेपिम ही या गटातील प्रमुख औषधे होत. मूत्रपिंड दुर्बल असताना सेफेपिमची मात्रा कमी न केल्यास रुग्णास भ्रम किंवा झटके येऊ शकतात.

कार्बापेनेम गट: मेरोपेनेम व इमिपेनेम यांची व्याप्ती मोठी आहे. इमिपेनेममुळे झटके येण्याचा धोका तुलनेने अधिक असतो. अन्य औषधे लागू पडत असताना हा गट शक्यतो राखून ठेवला जातो.

अॅझ्ट्रिओनॅम: पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या बहुतेक रुग्णांना हे देता येते. मात्र त्याची रचना सेफ्टाझिडिमशी अंशतः जुळत असल्याने त्या औषधाची अॅलर्जी असल्यास सावधगिरी बाळगावी लागते.

फ्लुओरोक्विनोलोन गट: सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन ही तोंडावाटे देता येतात. नेहमीच्या उपचारांत अशी सोय असलेला हा एकमेव गट असल्याने रुग्णाला घरी पाठवण्याची शक्यता अनेकदा त्यावरच अवलंबून असते. स्नायुबंधांना इजा, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि रक्तशर्करेतील चढउतार हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत.

अमिनोग्लायकोसाइड गट: टोब्रामायसिन व अमिकासिन मूत्रमार्गाच्या संसर्गात प्रभावी ठरतात, परंतु शिरेवाटे दिल्यास फुप्फुसात पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. त्यांच्यामुळे मूत्रपिंडास इजा आणि कायमचा बहिरेपणा संभवतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये टोब्रामायसिन श्वासावाटे दिले जाते.

कोलिस्टिन: मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे मागे पडलेले हे जुने औषध, इतर पर्याय संपल्यावर वापरले जाते.

नवी औषधे: सेफ्टोलोझेन-टॅझोबॅक्टम, सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम व सेफिडेरोकॉल ही औषधे अनेक प्रतिरोधी प्रकारांवर चालतात. मात्र एनडीएम हे विकर निर्माण करणाऱ्या जिवाणूंवर यांपैकी पहिली दोन निरुपयोगी ठरतात. लोह शोषण्याच्या जिवाणूच्या मार्गानेच आत शिरणारे सेफिडेरोकॉल अशा काही प्रकारांवर परिणामकारक असते.

औषधाची निवड

उपचार सुरू करण्यापूर्वी रक्त, लघवी, थुंकी किंवा जखमेतील नमुना कल्चरसाठी पाठवला जातो. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अहवालाची वाट न पाहता, स्थानिक प्रतिरोध लक्षात घेऊन औषध सुरू करतात. काही वेळा दोन गटांतील औषधे एकत्र दिली जातात. अहवाल आल्यावर बहुधा एकच लागू पडणारे औषध पुढे चालवले जाते. औषधाइतकेच संसर्गाचे मूळ दूर करणेही महत्त्वाचे असते. दूषित कॅथेटर काढला नाही किंवा साचलेला पू बाहेर काढला नाही, तर योग्य औषधालाही यश येत नाही.

वाढता प्रतिरोध व भारतातील नियम

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या यादीत कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या स्यूडोमोनासचा समावेश सर्वाधिक निकडीच्या गटात केला होता. २०२४ च्या यादीत तो उच्च प्राधान्य गटात आहे. भारतात १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच-१’ नुसार मेरोपेनेम, इमिपेनेम, सेफ्टाझिडिम यांसारख्या औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता कोलिस्टिन वापरण्यास २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. सर्दी-खोकल्यासारख्या विषाणुजन्य आजारांत ही गोळी घेतल्याने लाभ होत नाही, उलट जिवाणूंमधील प्रतिरोध वाढतो. या गटाला जिवाणू दाद देईनासा झाला, की रुग्णापुढे बहुधा रुग्णालयात राहून शिरेवाटे औषध घेण्याचाच मार्ग उरतो.