जप्तीतून पेटलेले युद्ध : राजगड, 1670

वेल्हे परिसरातील पाली गावावरून राजगडाच्या पाली दरवाज्याकडे वाट चढते. पर्यटक माच्या व बालेकिल्ला पाहून परततात. पण आर्थिक कोंडी युद्धाला कशी निमंत्रण देते, हे समजून घेण्यासाठीही ही जुनी राजधानी मोलाची आहे.

एप्रिल 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगाने दाऊदखान कुरेशीला या मुलखात पाठविले. रोहिड्याजवळची सुमारे 50 गावे जाळून तो राजगडाच्या पायथ्यापर्यंत आला. दाणागोटा व वसूल तुटला की गड आपोआप नमतील, हा त्यामागचा हिशेब होता. जूनमधील पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना 23 किल्ले आणि वार्षिक 4 लाख होनांचा मुलूख सोडावा लागला. हाती उरले 12 किल्ले व 1 लाख होनांचा प्रदेश.

आग्ऱ्याच्या प्रसंगानंतर समेट झाला आणि संभाजीराजांच्या मनसबीपोटी वऱ्हाडात जहागीर मिळाली. मात्र 1666 च्या आग्रा प्रवासासाठी दिलेले 1 लाख रुपये वसूल करण्याकरिता औरंगजेबाने तिचा काही भाग जप्त केला. बादशाही खजिन्याच्या मानाने ही रक्कम किरकोळच! त्याच सुमारास काटकसर म्हणून दक्षिणेतील मोगल फौजेतून कमी केलेले अनेक शिपाई मराठ्यांकडे आले. कोंडी करणाऱ्यानेच प्रतिपक्षाला कारण आणि माणसे, दोन्ही पुरविली. अर्थात, जप्ती हे एकमेव कारण नव्हते. बादशहाचा संशय व 1669 मधील मंदिरे पाडण्याचे फर्मान यांनीही सलोखा संपविला.

विसाव्या शतकातही हे घडले. 1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवून तेलपुरवठा रोखला. जपानचे बहुतांश तेल तेथूनच येई. साठा आटण्यापूर्वी लढावे, असे ठरवून जपानने 7 डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला केला.

इकडे 4 फेब्रुवारी 1670 रोजी कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर आणि ऑक्टोबरच्या आरंभी दुसऱ्यांदा सुरत, असा मराठ्यांचा झपाटा राहिला. मोगलांच्याच चौकशीनुसार सुरतेतून सुमारे 66 लाखांचा ऐवज गेला.

पुढे 1671 मध्ये महाराजांनीही आर्थिक हत्यार उचलले, पण बेताने. बारदेशच्या स्वस्त मिठापुढे संगमेश्वरकडील मीठ खपेनासे झाले, तेव्हा त्यांनी कुडाळच्या सुभेदाराला बारदेशी मिठावर जबर जकात बसविण्यास लिहिले. व्यापार तोडण्याची नव्हे, बाहेरचे मीठ महाग पाडण्याची ती आज्ञा होती.