माशांच्या पोटातून निघालेला हिशेब

किनाऱ्यालगतच्या समुद्रात एखाद्या जातीचे मासे किती आहेत आणि दरवर्षी त्यांतले किती मरतात, हे ठरवण्याची एक रीत मोठ्या माशांची पोटे तपासण्यावर उभी आहे. धुळे-जळगावच्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट शेजारी-शेजारी विकायला येतात. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळा हे बोंबलाचे आवडते खाद्य. खाणारा आणि खाल्ला जाणारा समुद्रापासून इतक्या दूर एकत्र येतात. त्यांचे समुद्रातले नाते आकड्यांत मांडण्याचे काम ही रीत करते.

रशियन शास्त्रज्ञ फ्योदोर बारानोव यांनी १९१८ साली मासेमारीने होणारे मरण आणि नैसर्गिक मरण वेगळे धरून पकडीचे समीकरण मांडले. पकडलेला मासा बंदरावर मोजता येतो. समुद्रातच मेलेला कसा मोजणार? म्हणून उत्तर समुद्रातल्या कॉडसारख्या माशांसाठी नैसर्गिक मरणाचा दर सरसकट ०.२ धरला जाई. म्हणजे मासेमारी नसली तरी वर्षाला शंभरातले सुमारे अठरा मासे मरणार. पिल्लू असो की थोराड मासा, आकडा तोच. ती केवळ सोय होती, निरीक्षण नव्हे.

डेन्मार्कच्या आंदरसन आणि उर्सिन यांनी १९७७ साली उत्तर समुद्रातल्या अनेक जातींचे एकत्रित गणित मांडले. दोनच वर्षांत जॉन पोप यांनी आणि हेल्गासन व गिस्लासन या जोडीने त्याला वयवार मोजणीची जोड दिली. मात्र कोण कोणाला किती खातो, याची पुरेशी नोंद कुणापाशी नव्हती. ती मिळवण्यासाठी समुद्र संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९८१ हे ‘पोटांचे वर्ष’ ठरवले आणि कॉड, हॅडॉक, व्हायटिंग अशा शिकारी माशांची हजारो पोटे गोळा केली. १९९१ मध्ये हा खटाटोप पुन्हा झाला.

पोटातले भक्ष्य ओळखायचे, वजन करायचे, कानातल्या खड्यावरून किंवा लांबीवरून त्याचे वय ठरवायचे. शिकाऱ्यांची संख्या, प्रत्येकाचा वर्षाचा आहार आणि त्यातला त्या भक्ष्याचा वाटा यांच्या गुणाकारातून एकूण किती खाल्ले गेले ते कळते. शिकाऱ्यांची संख्याही अंदाजाचीच, म्हणून आकडे स्थिर होईपर्यंत गणित पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. निकालाने जुना ०.२ मोडीत काढला: पिल्लांचे नैसर्गिक मरण त्याच्या कितीतरी पट निघाले.

हवाईजवळच्या प्रवाळ बेटांसाठी जेफ्री पोलोविना यांनी १९८४ मध्ये कोण कोणाला किती खातो याचा ‘इकोपाथ’ नावाचा सोपा ताळेबंद मांडला. डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सन यांनी तो वाढवला. कमी माहितीवर चालत असल्याने उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांना तो सोयीचा ठरला. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकाच्या किनाऱ्यासाठी तो वापरला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या कामाचा पाया जुना आहे. बोंबलावरची एस. व्ही. बापट यांची पुस्तिका याच संस्थेने १९७० साली काढली. बोंबील जवळा, कोळंबी आणि लहान मासे खातो, शिवाय स्वतःच्या जातीची पिल्लेही गिळतो. त्यामुळे मोठे बोंबील किती पकडले यावर पिल्लांचे मरणही अवलंबून राहते. मुंबई-पालघरकडच्या डोळ जाळ्यात शिकारी आणि भक्ष्य एकत्रच अडकतात, आणि मासा जाळ्यातही शेजाऱ्याला गिळू शकतो. म्हणून पोटातले ताजे, अजिबात न पचलेले भक्ष्य हिशेबात धरताना फार जपावे लागते.