पहिल्या मैफलीनंतर

१५ जून १९३३ रोजी शिकागोच्या ऑडिटोरियम थिएटरमध्ये फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने फ्लॉरेन्स प्राइस यांची ई मायनरमधली पहिली सिम्फनी वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाने वाजवण्याची ती पहिलीच वेळ. हा प्रसंग आता आवर्जून सांगितला जातो. श्रेय प्राइस यांच्या प्रतिभेला आणि स्टॉक यांच्या मोकळ्या मनाला दिलं जातं. दोन्ही श्रेयं रास्त आहेत, पण तेवढ्यावर थांबलं तर पुढचा प्रश्न सुटत नाही : एवढ्या यशानंतर या बाईंचं संगीत दिसेनासं कसं झालं? माझं म्हणणं असं की एखादी रचना एकदा वाजायला प्रतिभा आणि संधी पुरतात. ती वाजत राहायला मात्र तिच्या प्रती काढणारे, त्या छापणारे, खर्च सोसणारे आणि तिच्यावर लिहिणारे लोक लागतात. कृष्णवर्णीय स्त्रियांचा आवाज मध्यभागी आणायचा, तर आधी हे काम मध्यभागी आणावं लागेल.

शिकागोत हे काम स्त्रियांनीच उभं केलं होतं. आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये १८८७ साली जन्मलेल्या प्राइस बोस्टनच्या न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरीत शिकल्या. १९२७ मध्ये लिटल रॉकला एका कृष्णवर्णीय माणसाची जमावाने हत्या केली, त्यानंतर हे कुटुंब शिकागोला आलं. तिथे १९१९ पासून कृष्णवर्णीय संगीतकारांची राष्ट्रीय संघटना होती. समीक्षक नोरा होल्ट तिच्या संस्थापकांपैकी एक. होल्ट यांच्यामागून ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रात संगीतावर लिहिणाऱ्या मॉड रॉबर्ट्स जॉर्ज यांनी १९३३च्या त्या मैफलीचा आर्थिक भार उचलला. एस्टेला बाँड्स या मैत्रिणीच्या घरी प्राइस काही काळ राहिल्या. वाद्यवृंदाची रचना लिहून संपली तरी काम संपत नाही. प्रत्येक वाद्यासाठी त्याचा त्याचा भाग वेगळ्या कागदावर उतरवून द्यावा लागतो. एस्टेला यांची मुलगी, पियानोवादक आणि संगीतकार मार्गरेट बाँड्स यांनी पुढे सांगून ठेवलं आहे, की मुदत जवळ आली की स्वरलेखन येणारी मंडळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाभोवती जमत आणि प्राइस यांच्यासाठी हे भाग उतरवून देत. नाट्यगृहातल्या त्या संध्याकाळच्या मागे हे स्वयंपाकघर होतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की काळ हाच खरा परीक्षक, जे कसदार असतं ते टिकतंच. पण काळापुढे रचना ठेवायला ती कुणाच्या तरी हाती असावी लागते. प्राइस यांनी १९४३ मध्ये बोस्टन सिम्फनीचे संचालक सर्ज कुसेविट्स्की यांना पत्र लिहून आपलं स्त्री असणं आणि आपला वंश या दोन्ही अडचणी स्पष्ट मांडल्या, आणि पारख फक्त संगीताची व्हावी अशी विनंती केली. त्या वाद्यवृंदाने त्यांच्या हयातीत त्यांची एकही सिम्फनी वाजवली नाही. १९५३ मध्ये त्या गेल्या. २००९ साली इलिनॉयमधल्या सेंट ॲन इथलं एक पडीक घर नव्या मालकांनी दुरुस्तीला काढलं. झाड कोसळून छताला भगदाड पडलेलं. जो भाग कोरडा राहिला होता तिथे हस्तलिखितांचे गठ्ठे होते. ते प्राइस यांचं उन्हाळी घर होतं. त्या गठ्ठ्यांत व्हायोलिनचे दोन कन्चेर्टो होते, १९४५ची चौथी सिम्फनी होती. ते झाड चार हात पलीकडे पडलं असतं, तर काळाने कशाची परीक्षा घेतली असती?

दुसरा आक्षेप संगीताबद्दलचा आहे : पहिल्या सिम्फनीवर चेक संगीतकार द्वोर्झाकची छाया आहे. आहेच, पण अमेरिकेने आपलं संगीत कृष्णवर्णीयांच्या गीतांवर उभारावं, असं द्वोर्झाक स्वतःच १८९३ मध्ये सांगत होता. प्राइस ज्या ठेव्याकडे वळल्या तो त्यांच्या घरचा होता. तिसऱ्या भागात, जिथे एरवी स्केर्त्सो हा चपळ चालीचा भाग यायचा, तिथे त्यांनी ‘जुबा’ ठेवला. ढोल बाळगायची बंदी झाली तेव्हा गुलामांनी टाळ्या, मांड्या आणि पावलं यांवर ताल धरून हा नाच जिवंत ठेवला होता. सिम्फनीच्या चौकटीत त्या तालाला हक्काची जागा देणं ही उसनवारी खचित नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो कलावंतांचाच आहे. ‘कृष्णवर्णीय स्त्री संगीतकार’ ही पाटी रचनेआधी माणसाला चिकटते. क्यूबात जन्मलेल्या तानिया लिओन यांनी अशा पाट्या कायम नाकारल्या. २०२१चं पुलित्झर त्यांच्या ‘स्ट्राइड’ला मिळालं. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच वर्षातून एखादी खास मैफल राखून ठेवणं हा उपाय वाटत नाही. पाटी गळून पडते ती सवयीने, रचना नेहमीच्या कार्यक्रमात ब्राम्सच्या शेजारी वारंवार ऐकू आली की. जेसी माँटगोमेरी २०२१ ते २०२४ या काळात शिकागो सिम्फनीच्याच निवासी संगीतकार होत्या, हे चांगलं लक्षण आहे. खरी कसोटी त्यांच्या रचना इतरत्र दुसऱ्यांदा, दहाव्यांदा वाजतात की नाही, ही आहे. प्राइस यांची चौथी सिम्फनी आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथच्या वाद्यवृंदाने प्रथम वाजवली ती २०१८ साली. ती लिहून तोवर ७३ वर्षं झाली होती.